तिसऱ्या सिलिंडरचा आकडा

१

हिरावाडीतल्या त्या गाळ्याचं शटर सुवर्णा रोज साडेनऊला वर करायची. आत जेमतेम एक गाडी मावेल एवढी जागा, भिंतीवर पाने टांगायचा फळा, कोपऱ्यात बॅटरी चार्जर आणि टेबलावर गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनर. बाहेर पायरीवर तिच्या सासूबाई, सरुबाई, मखमलाबादच्या मळ्यातून आलेला झेंडू गोणपाटावर ओतून हार ओवत बसायच्या. सासू दारात फुलं ओवतेय आणि सून आत गाडीखाली शिरलीय, हे पाहून नवं गिऱ्हाईक जरा बिचकायचं. जुन्यांना मात्र माहीत होतं, की चार गॅरेजांनी हात टेकलेला बिघाड ही बाई शोधून काढते. अंदाजाने पार्ट बदलत नाही, आणि सापडल्याशिवाय सोडत नाही.

हे काम तिला कुंदनने शिकवलं होतं. तिच्या नवऱ्याने. चार वर्षांपूर्वी, वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी तो ओझरचं एक काम आटोपून स्कूटरवरून परत येत होता. हायवेवर, दहाव्या मैलाजवळ, कुणीतरी त्याला उडवून निघून गेलं. पोलिसांच्या कागदावर ‘अज्ञात वाहन’ एवढेच दोन शब्द उरले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी तिला जाता जाता एक गोष्ट सांगितली. मार लागल्यावर कुंदन साधारण चाळीस मिनिटं जिवंत होता. रस्त्याकडेच्या चारीत पडून. कुणी एक फोन केला असता, तर वाचलाही असता.

चाळीस मिनिटं म्हणजे किती, हे सुवर्णाने तेव्हापासून पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं होतं. तेवढ्या वेळात सासूबाईंचे चार मोठे हार होतात. एखाद्या इंजिनाचे प्लग काढून, पुसून परत बसवता येतात. तेवढा वेळ माणूस आकाशाकडे बघत पडून राहिला तर काय काय आठवत असेल, ते मात्र मोजता येत नव्हतं.

२

जानेवारीतल्या एका सोमवारी ती गाडी आली. गडद हिरवी, दोन दारांची, जमिनीला चिकटून चालणारी परदेशी स्पोर्ट्‌स कार. वीस-बावीस वर्षं जुनी, पण अंगावर एक ओरखडा नव्हता. मालक शेखर, पिंपळगाव बसवंतचा. घरचं द्राक्षाचं पॅकहाऊस, वय पस्तिशीच्या आसपास, बोलायला मोकळा.

“वहिनी, तीन गॅरेज फिरून आलो,” तो म्हणाला. “इंजिनचा दिवा जातो आणि परत लागतो. कॉइल बदलल्या, प्लग बदलले. लय वैताग आलाय.”

“चालायला कशी आहे?”

“एकदम लोण्यासारखी. काहीच प्रॉब्लेम नाय. फक्त तो पिवळा दिवा डोळ्यासमोर जळत राहतो. नजरेत खुपतो नुसता.”

“ठेवून जा. दोन-तीन दिवस लागतील.”

तो गेल्यावर तिने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनरचा छोटा डोंगल बसवला. टॅबलेटच्या पडद्यावर कोड उमटला : तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायच्या वेळी पेटत नाही. नेहमीचा बिघाड. कोड पडतो त्या क्षणाची नोंदही गाडी ठेवते, ती तिने उघडली. वेग एकशे अठरा. इंजिन गरम. ब्रेक दाबलेला नाही.

तिने कोड पुसला आणि इंजिन चालू केलं. शिलाई मशीनसारखा एकसारखा आवाज. कुठे अडखळणं नाही, थरथर नाही. पाचव्या मिनिटाला दिवा लागला.

तिने नवी नोंद उघडली. वेग एकशे अठरा. इंजिन गरम. ब्रेक दाबलेला नाही.

गाडी गाळ्यात उभी होती. चाकांना विटांची अटकण लावलेली होती.

जुनी नोंद अडकून बसलीय, तिने स्वतःला सांगितलं. बॅटरीची वायर काढून ठेवली, डबा खाल्ला, तासाभराने वायर जोडली. कॉम्प्युटर कोरा झाला होता. इंजिन चालू केलं आणि ती समोर उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दिवा लागला. एकशे अठरा.

३

मंगळवारी तिने तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावली. कॉइल खराब असती तर कोड तिच्यामागे गेला असता. नाही गेला. इंजेक्टर अदलाबदल करून झाले, दाब मोजून झाला. इंजिनात खोट नव्हती.

मग तिने मिसफायर मोजणारं पान उघडलं. चार सिलिंडर, चार आकडे. एखाद्यात पेटायचं चुकलं की त्याचा आकडा एकाने वाढतो. चावी फिरवलेली होती, इंजिन बंद होतं. बंद इंजिनात चुकणार काय? चारही शून्यावर हवेत.

तिसरा वाढत होता.

बावीस. तेवीस. चोवीस. सुटा सुटा, एकसारख्या अंतराने. कुठेतरी अर्थिंगची वायर सैल असणार, ती मनाशी म्हणाली, खोटे झटके येताहेत. पण सैल वायरीचे झटके कसेही येतात, असे ठेक्यात येत नाहीत. तिची बोटं केव्हा डाव्या मनगटावर गेली ते तिला कळलं नाही. तिच्या नाडीपेक्षा तो आकडा थोडा भरभर चालला होता, इतकंच.

ती स्टुलावर बसून राहिली. बाहेर रिक्षा, भाजीवाला, शेजारच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर. आत फक्त आकडा. मग तो मंदावायला लागला. दोन आकड्यांत जरा जास्त अंतर पडलं. मग आणखी जास्त. एक आकडा आला आणि पुढचा येतच नाहीसा झाला. ती श्वास धरून बसली. आला. त्याच्यानंतर नाही.

तिने घड्याळ पाहिलं. पान उघडलं तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आता बाराला दहा कमी होते.

पडद्यावरचा तिसरा आकडा आपोआप शून्य झाला आणि पुन्हा मोजायला लागला. एक. दोन. तीन.

सरुबाई पाणी प्यायला आत आल्या. माठाकडे जाताना त्यांनी आधारासाठी गाडीच्या बॉनेटवर हात टेकला, आणि तो तिथेच राहिला.

“गार हाय गं ही,” त्या म्हणाल्या. “मग आत काय धडधडतंय?”

सुवर्णाने डोंगल उपटून काढला.

४

बुधवारी ती गाडीखाली शिरली. खालून इंजिन झाकणारं प्लास्टिक काढायचं आणि वायरींचं बंडल एकदा पुढपासून मागपर्यंत बघायचं, असं तिने ठरवलं होतं. वायर सैल असली तर सापडेल. ती सापडावी, म्हणून तिने मनातल्या मनात नवस बोलायचाच काय तो बाकी ठेवला होता.

वायरी ठीक होत्या. पण डाव्या हेडलाइटच्या मागची पट्टी मूळची नव्हती. कापून, नवी जोडून वेल्डिंग मारलेलं होतं. काम सफाईचं, वरून रंग, पण रंगाची छटा अर्ध्या पायरीने चुकलेली. डाव्या बाजूने ही गाडी कधीतरी जोरात आपटली होती.

प्लास्टिकचं झाकण तिने खाली घेतलं, तेव्हा त्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या खोबणीतून साठलेली माती पडली, वाळकी पानं पडली, आणि खण्णकन आवाज करत काहीतरी फरशीवर घरंगळलं.

दहा नंबरची गोटी. नट खोलायच्या पान्याला लावतात ती. गंजाने तांबूस झालेली. तिने ती अंगठ्याने पुसली. कडेला नेलपॉलिशचा एक ठिपका होता, मरून रंगाचा.

शेजारच्या गॅरेजवाल्यांच्या हत्यारांत मिसळू नयेत, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कुंदनच्या सगळ्या गोट्यांना हे ठिपके तिनेच लावले होते, आपल्या बाटलीतल्या नेलपॉलिशने. त्या संध्याकाळी त्याची हत्यारांची पिशवी दहाव्या मैलाजवळ रस्ताभर सांडली होती. पोलिसांनी गोळा करून आणून दिली, तेव्हा दहा नंबर तेवढी नव्हती.

ती गाडीखालीच पडून राहिली. वरच्या लोखंडाकडे बघत. रडू आलं नाही. चार वर्षं ज्याला चेहरा नव्हता, त्याला आज चेहरा मिळाला होता, आणि तो चेहरा तिच्याशी ‘वहिनी’ म्हणून हसत बोलला होता.

५

तिने शेखरला फोन लावला. आवाज ताब्यात ठेवायला तिला फार कष्ट पडले नाहीत.

“डाव्या हेडलाइटची पट्टी कधी बदललीत?”

“ती होय? कुत्रं आडवं आलं होतं एकदा.”

“कुठे?”

“ओझरच्या अलीकडं. झाली असतील चार वर्षं. दिवाळीच्या आसपास.” तो हसला. “का, त्याच्यामुळे दिवा लागतो का?”

“थांबला होतात का? म्हणजे, तेव्हाच बघितलं असतं तर बरं झालं असतं. गाडीचं म्हणतेय.”

“कुत्र्यासाठी कोण थांबतंय, वहिनी.”

फोन ठेवल्यावर तिने गोटी सासूबाईंच्या ओच्यात, झेंडूंवर ठेवली. सरुबाईंना काही सांगावं लागलं नाही. त्या ठिपक्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“ही घेऊन पोलिसात जाते,” सुवर्णा म्हणाली.

“जा. चार वरसं झाली त्यांच्याकडं जाऊन. आता एक गोटी दाखव.” सरुबाईंनी सुई दोऱ्यात अडकवून ठेवली. “मला येक सांग. त्यो दिवा कशाला जळतो?”

“काही बिघडलं असेल तर चालवणाऱ्याला सावध करतो.”

“याला सावध करतोय?”

“हो.”

“मंग तू कशाला करू देतीस?”

सुवर्णा आत गेली. डोंगल पुन्हा सॉकेटमध्ये बसवून तिने एकदा कोड पाहिला. पुसून उपयोग नव्हता, तो परत येणारच होता. तिने स्टिअरिंगमागचा मीटरचा डबा खोलून बाहेर काढला आणि त्याच्या पाठीमागून, तांदळाच्या दाण्याएवढा एक बल्ब फिरवून काढून घेतला. आता आत काहीही झालं, तरी चालवणाऱ्याला दिसणार नव्हतं. असं काम करणाऱ्या मेकॅनिकला कुंदन दारात उभं करत नसे. पुढे काय होईल याचा तिने विचार केला नाही, असं नाही. केला, आणि तरीही मीटरचा डबा होता तसा परत बसवला.

६

गुरुवारी अकराच्या सुमारास शेखर आला. सोबत सात वर्षांची मुलगी होती, दोन वेण्या घातलेली. सृष्टी तिचं नाव.

“गेला दिवा?”

“गेला,” सुवर्णा म्हणाली.

त्याने चावी फिरवली. मीटरवर त्या दिव्याच्या जागी अंधार. तो खूश झाला. “मानलं वहिनी तुम्हाला! चल गं सृष्टी, बस. तुला सापुताऱ्याला नेतो आज.”

मुलगी डावं दार उघडून आत बसली आणि पट्टा ओढायला लागली. तिच्या हाताला तो पुरत नव्हता. सुवर्णाला वाटलं, चावी काढून घ्यावी, सगळं इथेच सांगून टाकावं. ती खिडकीपाशी गेली. तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते भलतंच.

“लगेच लांब नेऊ नका. गाडीचा कॉम्प्युटर नव्याने शिकतोय. आधी एक फेरी एकट्याने मारून या. हायवेने ओझरपर्यंत. मुलगी बसेल आमच्याकडे.”

ओझरपर्यंत. हा शब्द तिने ठरवून उच्चारला नव्हता.

शेखरने मुलीला उतरवलं. “हार करायला शीक आजीकडून. आलोच मी अर्ध्या तासात.”

गाडी नाक्यावरून वळून दिसेनाशी झाली, तेव्हा सुवर्णाच्या लक्षात आलं, की डोंगल आतच राहिलाय.

७

त्या डोंगलचं टॅबलेटशी बोलणं एका खोलीपुरतं असतं. मध्ये भिंत आली तरी तुटतं. म्हणून टेबलावरचा पडदा उजळलेला पाहून ती आधी तो बंद करायला गेली. तो बंद होईना.

वेग पंचेचाळीस. बासष्ट. मग बराच वेळ ऐंशी. आडगाव मागे पडलं असेल, तिने हिशेब केला. शहाण्णव. एकशे दहा. एकशे अठरा.

तो आकडा तिथेच थांबला. शेजारच्या ओळीत उमटलं : ब्रेक दाबलेला. एकशे अठरा. ब्रेक दाबलेला. एकशे अठरा. ब्रेक सुटला, पुन्हा दाबला, सुटला, पुन्हा दाबला. वेग एकाने कमी झाला नाही.

मग शून्य.

चार सिलिंडर, चार शून्यं. तिसरा आकडा पहिल्यांदाच गप्प होता. आणि पहिला सुरू झाला. भराभर, एकमेकांवर पडत, घाबरलेला. घड्याळात अकरा बत्तीस झाले होते.

फोन टेबलावरच होता, हाताच्या अंतरावर. सुवर्णाने तो उचलला, आणि पालथा घालून ठेवला.

बाहेर सरुबाई मुलीला मनगटाएवढी माळ ओवून देत होत्या. मुलगी खळखळून हसली. सुवर्णा आकड्याकडे बघत बसली. तिला वाटलं होतं, आत काहीतरी शांत होईल. पोटात मात्र एक कडू, गरम समाधान तेवढं पसरत गेलं. असाच. असाच पडून राहा. आभाळ बघ.

वीस मिनिटं झाली. सृष्टी मनगटातली माळ दाखवायला आत आली आणि टेबलाशी थबकली.

“काकू, हे काय मोजतंय?”

“गाडीचं आहे काहीतरी.”

मुलीला आकड्यांची गंमत वाटली. हनुवटी टेबलावर टेकून ती त्याच्या ठेक्यावर स्वतःच मोजायला लागली. “एक, दोन, तीन, चार...” शाळेत शिकवलेल्या सुरात. शंभरापर्यंत गेली, पुन्हा एकपासून सुरू केलं. मग तिला थांबून थांबून मोजावं लागायला लागलं. “एकसष्ट... बासष्ट...” तिने मान वर केली. “काकू, हा दमला का?”

दारात सरुबाईंची सुई थांबली. “सुवर्णा. किती येळ झाला?”

“एकोणतीस मिनिटं.”

“लाव फोन.”

“यांच्यासाठी लावला होता कुणी?”

सरुबाई उठल्या. ओच्यातली फुलं खाली सांडली. त्यांनी सुनेचा दंड धरला. “माझा ल्योक गेलाय, मला नको सांगू. पर या पोरीच्या तोंडून नको मोजून घेऊस गं बाई.”

“चौसष्ट...” सृष्टी म्हणाली, आणि पासष्टची वाट बघत राहिली.

सुवर्णाने एकशे आठ लावला. दहाव्या मैलाच्या अलीकडे, डावीकडच्या चारीत, तिने सांगितलं. हिरवी गाडी.

“तुम्ही जागेवरच आहात का, मॅडम?”

“नाही.”

“मग तुम्हाला कळलं कसं?”

तिने फोन कापला.

८

शेखर वाचला. मणक्याला मार होता, पाय हलत नव्हते. पोलिसांनी गाडी तपासली. ब्रेकमध्ये दोष सापडला नाही. बोलता यायला लागल्यावर त्याने आपण होऊन चार वर्षांपूर्वीचं सगळं लिहून दिलं. हवालदार सुवर्णाकडे येऊन गोटी घेऊन गेला, जबाब घेऊन गेला. जे व्हायला हवं होतं, ते कागदावर झालं.

दहाव्या दिवशी शेखरची बायको, उज्वला, गाळ्याच्या दारात आली. मान वर न करता म्हणाली, “तुमच्यासमोर उभं राहायचं तोंड नाही आम्हाला. पण ते सारखं तुमचंच नाव घेताहेत. एकदाच येता का?”

दुपारची वेळ होती. दवाखान्याच्या खोलीत नुकतीच फरशी पुसून गेले होते, फिनेलचा वास होता. उज्वला बाहेरच थांबली. शेखर उताणा पडला होता, वाळलेला. डोळे छताकडे लावलेले. पलंगाच्या डाव्या बाजूला एक रिकामं लोखंडी स्टूल होतं, आणि तो तिकडे बघायचं टाळत होता.

“वहिनी, मी चारीत पडलो होतो ना, तेव्हा एक माणूस शेजारी येऊन बसला,” तो म्हणाला. “उकिडवा. मी म्हटलं, दादा, फोन लावा. तो काय बोलला नाय. नुसता बघत बसला माझ्याकडं. मी रडलो, हात जोडले. तो बघतच बसला. ॲम्ब्युलन्स आली, मला उचललं, तर तो माझ्याआधी आत बसलेला.”

सुवर्णा दाराशीच उभी राहिली.

“मी सगळं कबूल केलं पोलिसांकडं. का केलं माहितीये? म्हटलं, आता तरी उठेल.” त्याचे ओठ कोरडे पडले होते. “नाय उठत. झोपलो तरी कळतं मला. तुमचं ऐकेल तो. सांगा ना त्याला, वहिनी. जा म्हणावं.”

तिने खाली पाहिलं. फरशी अजून ओली होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत चकाकत होती. फक्त स्टुलाच्या पुढ्यात, पलंगाच्या दिशेने तोंड केलेले दोन ठसे तेवढे कोरडे होते. बुटांच्या आकाराचे. पुसणारीचं फडकं त्यांना वळसा घालून गेलं होतं.

तिने पदर खांद्यावरून नीट घेतला.

“अहो,” ती म्हणाली. चार वर्षांत हा शब्द तिने उच्चारला नव्हता.

शेखरने डोळे मिटले. त्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा सैल पडला.

“बसा तुम्ही,” सुवर्णा स्टुलाकडे बघून म्हणाली. “काही घाई नाही. आईंना मी सांगते, वेळ लागेल म्हणून.”

मागून शेखरने हाक मारली, मग दुसरी, मग नुसताच घशातला आवाज. तिने दार हळूच ओढून घेतलं.